राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि त्यांची खंजिरी

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी मंडळानं आम्हाला लेख मागितला. कीर्तनात दोन तास उभं राहायला सांगा, ते जमते. कागदावर लिहायचं म्हणजे आमची चौथी आडवी येते. तरी पण हो म्हटलं, कारण एक गोष्ट चैत्रापासून मनात अडकून बसली आहे.

चैत्रात मंदिरात बैठक झाली, ती बहुतेकांना आठवत असेल. शंभराव्या वारीला सगळा सरंजाम नवा असावा असं ठरवायला बसलो होतो. पखवाज नवा, नटबोल्टचा. वीणा नवी, चकचकीत. पेटी नवी. पालखीच्या गाडीवर मोठे स्पीकर. त्यासाठी घरटी वर्गणी. जुनी वीणा देव्हाऱ्यात ठेवून द्यायची आणि जुना पखवाज येईल त्या भावात काढून टाकायचा. हे बोलणं चालू असताना, चाळीस वर्षं ज्यांनी तो पखवाज वाजवला ते वडीलधारे माणूस एक शब्द न बोलता उठून घरी गेले. ते अजून भजनाला येत नाहीत. आम्ही त्या दिवशी तिथंच होतो आणि आम्हीही तोंड उघडलं नाही. जे तिथं बोलायचं होतं ते आज एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधारानं बोलतो. चरित्र राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं.

महाराजांचा जन्म दि. ३० एप्रिल १९०९ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात यावली गावी झाला. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घर गरीब. पण घराण्यात पंढरीच्या विठोबाची भक्ती होती. पोराचं नाव ठेवलं माणिक. शाळेत माणिकचं चित्त फार रमलं नाही. दोन-तीन गावी शाळा झाली, चार बुकंही धड झाली नाहीत, पण भजन कुठं चालू असलं की हे पोरगं तिथं हजर. आता चौथीच्या आत शाळा सोडणारे आमच्यासारखे पुष्कळ झाले. त्यातून राष्ट्रसंत एकच झाला. म्हणून शाळा नाही शिकलं तर चालते असा अर्थ कोणी काढू नये. महाराजांनी स्वतः पुढं जन्मभर गावोगाव शाळेचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला.

वरखेडला आडकोजी महाराज नावाचे सत्पुरुष होते. माणिकची त्यांच्या ठायी निष्ठा बसली. पोरगं त्यांच्यापुढं भजन म्हणायचं. आडकोजी महाराजांनी त्याला जवळ केलं आणि माणिकचा तुकड्या झाला. तुकडा म्हणजे भाकरीचा कुटका. असं नाव कोणाला ठेवलं तर आजचं पोट्टं रुसून बसेल. पण महाराजांनी ते नाव माथ्यावर घेतलं आणि पुढं जी हजारो भजनं लिहिली, त्यांच्या शेवटी तुकड्यादास अशीच मुद्रा घातली. गुरूनं जे दिलं ते बदलून घ्यायचं नाही, ही रीत तिथूनच सुरू झाली असं आम्हाला वाटते.

१९२१ साली आडकोजी महाराजांनी समाधी घेतली. माणिक तेव्हा बारा वर्षांचा. पुढं त्यानं घर सोडलं. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडची रामदिघी, गोंदोडा अशा रानात तो फिरला. गोंदोड्याला तर आजही महाराजांची तपोभूमी म्हणून लोक यात्रेला जातात. आपली दिंडी ज्या साली पहिल्यांदा पंढरीला निघाली, त्या १९२५ साली महाराज सोळा वर्षांचे होते. म्हणजे आपल्या गावातली पहिली पिढी वीणा गळ्यात घालून वाट तुडवत होती, तेव्हा हा पोरगा रानातून गावात आणि गावातून रानात भजन गात फिरत होता. हातात होती खंजिरी.

खंजिरी आपल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे, पण नवीन पोरांसाठी सांगतो. लाकडाचं एक गोल कडं. एका बाजूनं कातडं मढवलेलं, दुसरी बाजू उघडी. कड्याला खाचा पाडून त्यात धातूच्या चकत्यांच्या जोड्या बसवलेल्या. एका हातानं धरायची, दुसऱ्या हाताच्या पंज्यानं आणि बोटांनी वाजवायची. कातड्यावर थाप पडली की ठेका निघते आणि चकत्या झणझणतात. झालं वाद्य. तिला ना तार, ना भाता. झोळीत मावते, काखेत राहते. नदी उतरून जायचं असलं तर डोक्यावर धरली तरी चालते.

तिचा दोषही सांगितला पाहिजे. पावसाळ्यात कातडं ओल धरते आणि आवाज बसते. मग शेकोटीवर, नाही तर चुलीजवळ धरून शेकावी लागते. शेक जास्त झाला तर कातडं फाटायची भीती. आणि खंजिरीत गाण्याचा सूर नाही, नुसता ठेका आहे. पेटी वाजवणाऱ्याला सूर पेटी देते, विणेकऱ्याला वीणा देते. खंजिरीवाल्याला सगळा सूर स्वतःच्या गळ्यातून काढावा लागते. गळा बसला तर झाकायला काही नाही. शब्द कच्चा असला तर तोही उघडा पडते.

आम्ही कीर्तन करतो म्हणून यातली अडचण आम्हाला कळते. मागं टाळकरी असले, पखवाज घुमला, पेटीनं सूर धरला की कीर्तनकाराचं निम्मं काम होऊन जाते. आमचंही कितीदा होऊन गेलं आहे, खोटं काहून बोलावं. महाराजांच्या मागंही पुढं पेटी-तबल्याची साथ आली, भजनमंडळ आलं. पण सुरुवातीचा काळ एकट्याचा होता. त्या एका कड्यावर, एका कातड्यावर माणसं धरून ठेवायची तर गळा, शब्द आणि मनातली कळकळ याशिवाय भांडवल नव्हतं. म्हणून त्यांनी त्याच तिघांवर मेहनत केली. वाद्य लहान होतं म्हणून माणूस मोठा झाला, असं आमचं मत आहे.

१९३५ साली सालबर्डीला मोठा यज्ञ झाला, त्याला लाखांवर माणूस लोटलं. महाराज तेव्हा सव्वीस वर्षांचे. त्याच साली अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी गावाजवळ त्यांनी गुरुकुंज आश्रम काढला. माळरानावर झोपड्या उभ्या राहिल्या. आज तिथून एसटीनं जाणारा माणूस हात जोडल्याशिवाय पुढं जात नाही. तिथली प्रार्थना सामुदायिक. पुढं अधिष्ठान असते, त्यावर कोणाची मूर्ती नाही. कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा माणूस येऊन रांगेत बसू शकते. उशिरा आलेला पाटील असला तरी मागंच बसणार.

१९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांनी महाराजांना बोलावून घेतलं. महाराज तिथं महिनाभर राहिले आणि गांधीजींच्या समोर त्यांची भजनं झाली. देशातले मोठमोठे पुढारी त्या आश्रमात येत होते. आता विचार करा. आपल्यापैकी कोणाला असं बोलावणं आलं असतं तर काय केलं असतं? आधी नवा सदरा शिवला असता, मग नवी पेटी घेतली असती, नसती तर मागून आणली असती. आपलं जुनं वाद्य मोठ्या माणसापुढं काढायची लाज वाटते. महाराज खंजिरी घेऊन गेले. गावातल्या पारावर जी वाजवत होते तीच तिथं वाजवली.

त्या खंजिरीत ताकद किती होती ते इंग्रज सरकारला १९४२ साली कळलं. ऑगस्टात चले जावची हाक निघाली. आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा या आपल्या विदर्भातल्या गावांनी उठाव केला. १६ ऑगस्टला चिमूरला तर आग पेटली. गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, मग गावावर फौज आली आणि गावानं फार सोसलं. या भागात महाराजांची भजनं घरोघर पोचलेली होती. लोकांच्या मनातली भीती त्या भजनांनी काढून टाकली, हे सरकारनं बरोबर ओळखलं. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबरात सुटका झाली. बंदूक नाही, तलवार नाही, एक गाणारा माणूस आणि त्याची खंजिरी, आणि तरी राज्य करणाऱ्याला त्याला कोंडून ठेवावं लागलं. वाद्याची किंमत बाजारात ठरते, त्याचं वजन कुठं ठरते ते यावरून पाहावं.

सुटून आल्यावर १९४३ साली अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळ सुरू झालं. गावोगाव शाखा निघाल्या. भगव्या टोप्या घातलेली माणसं सकाळी गाव झाडू लागली, संध्याकाळी प्रार्थनेला बसू लागली. आमच्या वडिलांच्या तोंडून आम्ही ऐकलेलं आहे की महाराजांचं भजन ज्या गावी झालं, त्या गावी दुसऱ्या दिवशी हातात खराटा दिसत होता. भजन ऐकून माणूस नुसती मान डोलवून घरी गेला तर ते भजन वाया गेलं, असा त्यांचा हिशेब होता. दारू सोडा, भांडणं कोर्टात नेऊ नका, शिवाशीव पाळू नका, बायांना मागं ठेवू नका, पोरांना शिकवा. हे सगळं त्या खंजिरीच्या ठेक्यावर सांगितलं. विनोबांच्या भूदानाच्या कामालाही तीच खंजिरी लागली, आणि वाजवणाऱ्यानं लोकांकडून जमिनी मागून घेतल्या. आपल्याकडं बांधावरच्या दोन तासांसाठी भावाभावांत डोकी फुटतात. तिथं नुसतं भजन ऐकून माणूस जमीन द्यायला तयार होते, ही काही लहान गोष्ट नाही.

याच काळात ग्रामगीता तयार झाली. एकेचाळीस अध्याय आणि ४६७५ ओव्या. ग्रंथ गावाला, म्हणजे ग्रामनाथाला वाहिलेला आहे. त्यात गावाची स्वच्छता आहे, आरोग्य आहे, गाईगुरं आहेत, ग्रामोद्योग आहे, लग्नातला खर्च आहे, यात्रा-मेळे आहेत आणि भजनाचा प्रभाव हाही एक विषय आहे. तो अध्याय आपल्या दिंडीतल्या प्रत्येकानं एकदा वाचावा. गावात जे आहे त्याला आधी ओळखा, गावातल्या कारागिराच्या हाताला काम द्या, उसन्या डौलापायी कर्जात बुडू नका, हा त्या ग्रंथाचा सगळा रोख आहे. सुताराला, चांभाराला, पखवाज मढवणाऱ्याला गावात काम राहिलं तर गाव टिकते. आपण जुनं वाद्य दुरुस्त करतो तेव्हा एक घर चालते.

१९५५ साली जपानात विश्वधर्म परिषद आणि विश्वशांती परिषद भरली. देशोदेशीचे धर्मगुरू येणार होते. भारतातून महाराजांना बोलावणं आलं. यावलीचं पोरगं, शाळा अर्धवट सोडलेलं, ते जपानला निघालं. सोबत काय नेलं? खंजिरी नेली. त्या परिषदेची सुरुवात महाराजांच्या खंजिरीच्या नादानं झाली. तिथं बसलेल्या बहुतेकांना शब्दाचा अर्थ समजत नव्हता. ठेका आणि आवाजातला भाव समजला, तेवढ्यानं काम झालं. आम्ही ही गोष्ट कीर्तनात सांगतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. टाळी वाजवून झाल्यावर घरी जाऊन आपल्याकडचा जुना टाळ पुसून ठेवतो असा एखादाच.

भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी महाराजांचं भजन ऐकलं आणि त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं. राष्ट्रपती भवनातही खंजिरीच वाजली. १९५६ साली भारत साधू समाजाची स्थापना झाली, त्याचे पहिले अध्यक्ष महाराज. चीनशी आणि पाकिस्तानशी लढाई झाली त्या काळात महाराज जवानांना धीर द्यायला सरहद्दीकडं गेले. पार, आश्रम, तुरुंग, परदेश, राष्ट्रपती भवन, सरहद्द, एवढ्या जागा बदलल्या. मान वाढला, माणसं वाढली. वाद्य मोठं करून मागावं असं त्यांना कधी वाटलं नाही. पैसा गोळा करायचा म्हटला असता तर एका हाकेत झाला असता. जो पैसा आला तो दवाखान्याला, शाळेला, छापखान्याला, संकटातल्या माणसांना गेला.

शेवटी कर्करोगानं शरीर धरलं. दि. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात महाराजांनी देह ठेवला. वय अवघं एकोणसाठ. तिथी आश्विन वद्य पंचमी. आम्ही तेव्हा लहान होतो, पण घरात चूल पेटली नव्हती हे आठवते. वडील वावरातलं काम टाकून पायी मोझरीला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. आल्यावर फार बोलले नाहीत. खुंटीवरची आपली खंजिरी काढली, चुलीजवळ शेकली आणि रात्रभर अंगणात भजन केलं. आता दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात लाखो माणसं जमतात आणि बरोबर त्या वेळेला सगळे मौन धरतात. एवढा जमाव एकदम गप्प झाला की पाखरांचा आवाज ऐकू येते. नागपूरच्या विद्यापीठाला २००५ साली महाराजांचं नाव देण्यात आलं. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाच्या नावाचा कागद आता पोरं पदवी म्हणून भिंतीला लावतात.

इथं चरित्र संपलं. आता आमची एक चूक सांगतो, कारण दुसऱ्याला शिकवायच्या आधी आपलं उघडं केलेलं बरं.

काही वर्षांमागं सोयाबीन चांगलं पिकलं होतं. भजनाला आम्ही स्वतः पेटी घेऊन बसतो, ती वडिलांच्या वेळची. आवाज गोड, पण दिसायला काळवंडलेली, एक पट्टी जराशी अडायची. दुसऱ्या गावच्या कीर्तनकाराकडं स्केल चेंजरची पेटी पाहिली आणि आमचं मन फिरलं. घरात दुसऱ्या गरजा होत्या, सून बोलून दाखवत नव्हती एवढंच. तरी आम्ही नागपूरहून ती पेटी आणली. जुनी माळ्यावर टाकली. पहिले चार दिवस लोक पेटी पाहायला जमले. पाचव्या दिवशी भजन पहिल्यासारखंच झालं. जिथं आमचा सूर आधी घसरायचा तिथंच घसरला. वर्षभरात आणखी एक चांगली पेटी पाहण्यात आली आणि आम्हाला आमची नवी पेटी फिकी वाटायला लागली. तेव्हा कळलं की अडलेली पट्टी पेटीला नव्हती, आमच्या मनाला होती.

त्याच आश्विनात पुण्यतिथीला मोझरीला गेलो. तिथं मैदानात एका खेड्यातली आठ-दहा पोरं खंजिरी घेऊन बसली होती. अंगात साधे कपडे. दोन खंजिऱ्यांचं कातडं मागून ठिगळ लावलेलं. पण ठेका असा की आम्ही उभ्याचे खाली बसलो. घरी आलो आणि माळ्यावरून जुनी पेटी काढली. उंदरानं भाता कुरतडला होता. ते पाहून डोळ्याला पाणी आलं, कारण तो भाता वडिलांच्या हातानं हजार वेळा उघडला-मिटला होता. दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं भाता नवा बसवला, सूर जुळवले, अडलेली पट्टी घासून मोकळी केली. नव्या पेटीच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नव्हता. आज एकादशीच्या भजनाला तीच पेटी असते. नवी पेटी आम्ही शेजारच्या गावच्या भजनी मंडळाला दिली, त्यांच्याकडं एकही नव्हती. तिथं ती शोभते.

आता आपल्या दिंडीच्या वाद्यांचं. आम्ही चैत्रातल्या बैठकीनंतर एक दिवस मंदिरात एकटे बसून सगळी वाद्यं काढून पाहिली. पखवाजाचं खोड जुन्या भरीव लाकडाचं आहे, कुठंही चीर नाही. शाईच्या बाजूची पुडी गेली आहे आणि वादी ढिली पडली आहे. पुडी बदलायची, वादी ताणायची, गठ्ठे ठोकून सुरात आणायचे आणि धुम्याला नेहमीसारखी कणीक लावायची, एवढंच काम आहे. नटबोल्टचा पखवाज पान्यानं लवकर जुळते हे खरं, वाटेत सोपं पडते हेही खरं. पण हा पखवाज मेलेला नाही, त्याला नुसतं कोणी पाहिलं नाही. वीणेचा भोपळा शाबूत आहे. तारा गंजल्या आहेत, एक खुंटी सरकते. टाळ काशाचे आहेत, असे जड टाळ आता सहजी मिळत नाहीत. त्यांच्या दोऱ्या कुजल्या आहेत. काशाला काय होते? चिंच आणि राख लावून घासले की पुन्हा सोन्यासारखे.

आणि ही वीणा साधी वस्तू नाही. सप्ताहात ती अहोरात्र खाली टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. शंभर वर्षांत किती गळ्यांतून ती गेली असेल. आपल्या आजोबांच्या छातीला ती लागली आहे, आणि वाटेत ज्यांनी देह ठेवला त्यांच्याही. तिला देव्हाऱ्यात ठेवून हार घालायचा आणि आपण नवी गळ्यात घालायची, हे म्हाताऱ्या बापाला फोटोत बसवण्यासारखं झालं, बाप जिवंत असताना.

आमचं म्हणणं नव्याच्या विरोधात नाही. माणसं वाढली तर टाळ वाढवावे लागतील. पाठीमागच्या वारकऱ्याला अभंग ऐकू येत नसेल तर एक साधा कर्णा गाडीवर पाहिजेच. महाराज काही नव्याला भिणारे नव्हते, त्यांनी छापखाना चालवला, मासिक काढलं. जिथं गरज होती तिथं नवं घेतलं. वस्तू खराब झाली म्हणून बदलणं वेगळं आणि दुसऱ्या दिंडीकडं पाहून बदलणं वेगळं. आपलं दुसऱ्या जातीचं चाललं होतं. शेजारच्या दिंडीचे स्पीकर मोठे, म्हणून आपले त्याहून मोठे. मग पुढच्या वर्षी ते आणखी मोठे आणणार. पंढरीनाथ विटेवर उभा आहे, त्याला इतक्या लांबून काय ऐकू येते आणि काय नाही, हे स्पीकरवर ठरत नाही.

वर्गणीचाही विचार करावा. आपल्या गावात यंदा कोणाची काय परिस्थिती आहे ते आम्ही सांगायला नको. वारीचा महिना, पेरणीचा महिना. ज्या घरी बियाण्याला पैसे नाहीत त्या घरातून स्पीकरसाठी वर्गणी घ्यायची आणि तो वारकरी चालताना मनात तेच घोकत राहायचा, ही कसली वारी. दुरुस्तीला जे लागेल ते आपण चार-पाच जण मिळून करू. आमच्याकडून पखवाजाच्या पुडीचे आणि वादीचे पैसे आम्ही आजच लिहून ठेवतो. वर्गणी घ्यायचीच असली तर थोडी घ्यावी आणि वाटेतल्या पाण्याच्या टाकीला, म्हाताऱ्या बायांच्या औषधपाण्याला लावावी.

दिंडी निघण्याआधी पुन्हा बैठक आहे. त्या बैठकीला आम्ही या वेळी गप्प बसणार नाही. पण त्याच्या आधी एक काम आहे. ज्यांनी चाळीस वर्षं पखवाज वाजवला त्यांच्या घरी आपण सगळ्यांनी जायचं. तरुण पोरांनी आधी जायचं. नवं मागितलं ती पोरं वाईट नाहीत, दिंडी चांगली दिसावी म्हणूनच त्यांनी मागितलं. त्यांनी पखवाज खांद्यावर घेऊन त्यांच्या ओसरीवर ठेवावा आणि शिकवा म्हणून पायावर डोकं ठेवावं. त्या पखवाजात अजून काय काय आहे ते त्यांच्या बोटांना माहीत आहे. ते बोटांसोबत गेलं तर नागपूर-मुंबईच्या कोणत्याच दुकानात मिळणार नाही.

महाराजांनी एका खंजिरीत जन्म काढला आणि ती खंजिरी त्यांना पुरून उरली. आपल्याकडं तर वीणा आहे, पखवाज आहे, पेटी आहे, चाळीस जोड टाळ आहेत. एवढं असून भजन रंगत नसेल तर उणीव कुठं आहे ते ज्याचं त्यानं पाहावं. आम्ही आमची पाहतो आहोत.

लिहिण्यात चुकभूल झाली असेल तर लेकरू समजून पदरात घ्यावी. सर्व माउलींच्या चरणी माथा.

रामकृष्णहरी. जय गुरुदेव.